अध्याहृत

"कोणाले, बाई?" असे कोकिळेने विचारले तेव्हा सत्यभामाबाईंचे लक्ष एस.टी.कडे होते. खामगावच्या बाजूने रस्त्यावर धूळ उठलेली दिसत होती आणि उंद्रीच्या फाट्यावर बसलेली माणसे आपापली गाठोडी उचलू लागली होती. बाईंच्या मांडीवर तक्त्यांचा पुडा होता. त्रेसष्ट छापील तक्ते, त्यांतले बासष्ट भरलेले. एक कोरा राहिला होता आणि कोरा कागद परत न्यायचा हे अठ्ठावीस वर्षे शाळा शिकवलेल्या बाईंना बरे वाटत नव्हते. तेवढ्यात वेचणीहून परतणाऱ्या बायका रस्त्याने आल्या आणि त्यांत कोकिळा दिसली. डोक्यावर कापसाचे गाठोडे. मागे तिची आई पुष्पाबाई, कडेला तान्हे मूल. कोकिळा चौथीपर्यंत बाईंच्या हाताखाली होती, इथेच, उंद्रीच्या शाळेत, बाईंची चिखलीला बदली होण्याआधी. बाईंनी हाक मारली. "किती दिवसांचं ग?" उत्तर पुष्पाबाईंनी दिले, "परवा सव्वा महिना भरते, बाई." म्हणजे बाळंतिणींच्या तक्त्यात बसण्यासारखी होती. यादीत नाव नव्हते, पण तक्ता तर उरला होता. बाईंनी पेन काढले. झोप लागते का? लागते. भूक लागते का? लागते. रडू येते का? इथे कोकिळेने डोक्यावरचे गाठोडे दोन्ही हातांनी जरा सावरले आणि विचारले, "कोणाले, बाई?"

गाडी वळणावर आली होती. बाई म्हणाल्या, "अगं, लेकराला. आणखी कोणाला?" कोकिळा क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसा तिचा चेहरा झाला. पाटी असते, पण अक्षर नसते. मग ती म्हणाली, "रडते, बाई. चांगलं रडते." बाईंनी 'होय'पुढे बरोबरची खूण केली, उरलेले प्रश्न भराभर विचारले, पुडा पिशवीत घातला आणि गाडीत चढल्या. जागा खिडकीशी मिळाली. काम संपले होते. शनिवारी पाहणी करवून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई येऊन तक्ते घेऊन जाणार होत्या. बाईंना समाधान वाटायला हवे होते. त्याऐवजी चपलेत खडा गेल्यासारखे काहीतरी टोचत होते आणि चप्पल काढून पाहण्याची सोय नव्हती.

बेबीताई शेजारी येऊन बसल्या. त्याच भागातल्या नर्सबाई त्या. सायकल बिघडली म्हणून अमडापूरपर्यंत गाडीने निघाल्या होत्या. गेले पाच महिने गावोगाव बाईंना बाळंतिणींची घरे दाखवण्याचे काम त्यांनीच केले होते. "झाले का त्रेसष्ट?" त्यांनी विचारले. "झाले." "मंग आता डॉक्टरीणबाई छापतीन का, की बुलढाण्याच्या बायका लय खुशीत आहेत म्हनून?" बाई म्हणाल्या, "तसं नाही काही. जे आहे ते छापतील." बेबीताई हसल्या. "एक सांगू का, बाई? राग नोका येऊ देऊ. तुमच्या बासष्टात आमच्या वस्तीतली एकबी नाही. आज रस्त्यानं गवसली म्हनून ही एक." बाईंना हे माहीत होते. यादीत त्या नावांपुढे त्यांनीच 'घरी नाही' असे लिहिले होते, सुवाच्य अक्षरात. "बोलावणं धाडलं होतं ना प्रत्येक वेळी?" "धाडलं होतं न. दुपारी दोन वाजता मनकर्णाबाईच्या ओसरीवर या म्हनून. दोन वाजता घरी असनारी बाळंतीण म्हंजे बसून खानारी बाळंतीण, बाई. आमची विसाव्या दिवशी वावरात असते. अन् आल्या असत्या तरी मनकर्णाबाईच्या ओसरीवर बसल्या कुठं असत्या?" उंद्रीतल्या मोठ्या घरच्या मनकर्णाबाई चांगल्या होत्या. पोहे करायच्या, सतरंजी अंथरायच्या. सतरंजी मात्र एकच असायची.

"अन् पहिलटकरणी?" बेबीताईंना आज बोलायचेच होते. "त्या जातात मायच्या घरी. तुमची यादी सासरची. तथी इचारलं तर लिहिलं माहेरी. माहेरच्या गावात इचारलं तर ती लेक, यादीत सुना. पयलं बाळंतपन ना इकडं ना तिकडं. कोकिळा तशीच गळाली." मग त्या खिडकीबाहेर पाहत, औषधाचे नाव सांगावे इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "तिचं काही बरं दिसत नाही मले. लेकराले पाजते, पन तोंड भिंतीकडं करून पाजते. परवा गेली होती मी. माय काही बोलत नाही. पन विहिरीचा दोर तिनं घरात आनून ठेवला. कणगीमागं. म्या पाह्यलं." "विचारलं नाहीस?" "इचारलं. म्हने, उंदरं कुरतडतात बाहेर." अमडापूर आले. उतरताना बेबीताई म्हणाल्या, "रविवारी सासरी धाडून राह्यले तिले. पार जळगावकडं. मंग तथी कोन इचारते?"

गाडी पुन्हा सुरू झाली आणि बाईंच्या मनात तो शब्द परत आला. कोणाले. चौथीच्या वर्गात बाई व्याकरण फळ्यावर शिकवत नसत, मुलांना उभे करून शिकवत. वाक्यात काही हरवले असेल तर क्रियापदाला विचारायचे. कोण? काय? कोणाला? क्रियापदाला सगळे माहीत असते, ते खोटे बोलत नाही. मुलांना हा खेळ फार आवडे. बाई म्हणत, "पळाला," वर्ग ओरडे, "कोण?" बाई म्हणत, "खाल्ली," वर्ग ओरडे, "काय?" एका दुपारी बाईंनी फळ्यावर लिहिले, भूक लागते. वर्ग ओरडला, "कोणाला?" तेव्हा मागच्या रांगेत, खिडकीजवळ बसणारी कोकिळा आपण होऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मले." सगळी पोरे हसली. बाईंनाही हसू आले होते. त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितले, मले नाही म्हणायचे, मला म्हणायचे, आणि पाटीवर वीस वेळा 'मला' लिहायला लावले. तिने लिहिले. अक्षर टपोरे होते. ती मुलगी तेव्हा उत्तर देत होती की खरेच भुकेली होती, हा विचार बाईंच्या मनात तेव्हा आला नव्हता. तो आज, चिखलीच्या अलीकडे, गाडीत आला. बासष्ट बायकांपैकी एकीनेही बाईंना उलट प्रश्न केला नव्हता. शिकवलेले लक्षात ठेवून तो एका विद्यार्थिनीने केला, आणि बाईंनी तिला चुकीचे उत्तर सांगितले.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, चहा घेतला आणि शालिग्राम, त्यांचा मुलगा, तालुका कचेरीतून यायच्या आत पुडा सोडून ओट्यावर बसल्या. वही तपासावी तसा एकेक तक्ता वाचू लागल्या. रडू येते का? होय. शेरा: रात्री जास्त. गुटी दिली की राहते. झोप लागते का? होय. शेरा: झोळीत लागते. भीती वाटते का? होय. शेरा: दचकते, उशाशी विळा ठेवला आहे. एकटे राहवते का? नाही. शेरा: कोणी उचलले की राहते. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. अक्षर त्यांचेच होते. झोळीत लागते, हे त्यांनी स्वतः लिहिले होते, वेलांटी-उकार नीट सांभाळून. बावीस वर्षांची बाई झोळीत कशी झोपेल, हे लिहिताना त्यांच्या ध्यानात आले नव्हते, कारण लिहिताना त्यांच्याही डोळ्यांपुढे मूलच होते. दहा तक्ते पाहिले, वीस पाहिले. सगळ्या बायकांनी एकवीसच्या एकवीस प्रश्नांची उत्तरे लेकराची दिली होती. हसून, कौतुकाने, खरी खरी दिली होती. कोणी खोटे बोलले नव्हते. सव्वा महिन्यात त्यांना जो जो भेटायला आला असेल त्याने हेच विचारले असणार, आणि ही चष्मेवाली बाई छापील कागद घेऊन काही निराळे विचारायला आली आहे असे त्यांना वाटायचे कारण नव्हते.

आणि कागदावर तसे वाटावे असा शब्द नव्हता. मुळात तो होता. तो बाईंनी काढला होता. जूनमध्ये डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हाची गोष्ट. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात काम करणारी, तिशीतली, बारीक आवाजाची बाई. चिखलीत चांगले मराठी कोणाचे, अशी चौकशी करत ती सत्यभामाबाईंच्या दारी आली होती. बाळंतपणानंतर काही बायकांना खिन्नता येते, परदेशात त्यावर पुष्कळ काम झाले आहे, तिने सांगितले. तिथे दवाखान्यात येणाऱ्या बायकांना विचारतात. आमचे प्रमुख म्हणतात, आपल्या खेड्यांत हे नसतेच. घरात दहा माणसे, हौस, कोडकौतुक. खिन्न व्हायला वेळ कुठे आहे? "त्यांचं खरं असेल," ती म्हणाली, "पण कोणी विचारलेलं नाही हो बाई. न विचारता नाही कसं म्हणायचं?" बाईंना ती आवडली. वर्गात असा प्रश्न विचारणारे मूल त्यांना नेहमीच आवडे. त्यांनी तिचे प्रश्न वाचायला घेतले. तुम्हाला झोप लागते का? तुम्हाला भूक लागते का? तुम्हाला रडू येते का? एकवीस वेळा तुम्हाला. बाईंनी लाल पेन्सिल घेतली. "वर मथळ्यात 'बाळंतिणीस विचारावयाचे प्रश्न' असं आहे ना? मग दर वेळी तुम्हाला कशाला? ते अध्याहृत आहे." डॉक्टरीणबाईंनी तो शब्द शाळेनंतर ऐकलाच नव्हता. "म्हणजे?" "म्हणजे लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना कळतो." ती हसून म्हणाली, "शाळेत परत बसवलंत मला." बाईंनी एकवीस रेघा मारल्या. कागद कसा स्वच्छ दिसू लागला.

ओट्यावरून रस्ता दिसत होता. समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना कळतो. बाईंनी हे वाक्य किती वर्षे किती मुलांना सांगितले असेल. सगळ्यांना म्हणजे कोणाला, असे एकाही मुलाने विचारले नव्हते. पुड्यावर हात ठेवून त्या बसल्या होत्या आणि त्यांना बीबी गावचे आपले माहेरचे घर दिसू लागले. शालिग्रामच्या वेळचे. म्हणजे पस्तीस वर्षे झाली. बाळंतिणीची खोली, शेगडीवर टाकलेल्या ओव्याचा वास, पाचवीच्या पूजेला भिंतीवर काढलेली कुंकवाची बोटे. ती पाच बोटे त्यांना पाठ होती. तिसरे बोट खाली ओघळलेले होते. ते पाठ का होते? कारण त्या भिंतीकडे तोंड करून बसत. मूल पाजत आणि बोटे मोजत. मूल आपले आहे हे सगळे सांगत होते आणि त्यात खोटे काही नव्हते, पण सुपात कोणीतरी आणून ठेवलेले धान्य पाहावे तसे त्या त्याच्याकडे पाहत. आई विचारी, दूध पुरते का? झोपते का? बाई म्हणत, झोपते. आत्या विचारी, रडते का ग फार? बाई म्हणत, रडते. स्वतः रडल्या होत्या का? आता त्यांनी आठवून पाहिले. पदर ओला असे, पण तो दुधाने असे, घामाने असे. बाळंतिणीचा पदर ओला असणारच. दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी बाजरीची भाकरी गोड लागली, एवढे आठवते. मधल्या दिवसांना नाव नव्हते. पुढे नवरा गेला, शिक्षिकेची परीक्षा झाली, नोकरी झाली, आणि ते दिवस कोणालाही सांगायचे राहून गेले. सांगायचे ठरवले असते तरी कोणत्या वाक्यात सांगितले असते? त्या दिवसांतल्या सगळ्या वाक्यांना क्रियापद होते. बाकीचे अध्याहृत होते.

शालिग्राम आला. "हे काय, अजून तपासणंच चालू? संपली ना तुझी पाहणी?" "नाही संपली. सगळी चुकली." त्याने एक तक्ता उचलून वाचला. "चांगलं तर लिहिलं आहेस." "अक्षर चांगलं आहे," बाई म्हणाल्या. तो हसला. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. बाईंना वाटले, याला विचारावे का, की तुझ्या पहिल्या दोन महिन्यांत मी तुझ्याकडे पाठ करून नव्हे, पण भिंतीकडे तोंड करून बसत होते, हे तुला कुठे आत लागले का? पण हे पस्तीस वर्षांच्या माणसाला विचारण्यासारखे नव्हते. त्या म्हणाल्या, "एखादं पाकीट आहे का घरात?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना, शनिवारी तक्त्यांबरोबर द्यायला, पत्र लिहिले. तक्ते न्यावेत, पण मोजू नयेत. उत्तरे बायकांची नाहीत, मुलांची आहेत. दोष बायकांचा नाही. 'तुम्हाला' हा शब्द मी काढला. शिवाय ज्यांच्यापुढे 'घरी नाही' आणि 'माहेरी' असे लिहिले आहे त्यांना विचारायला मी गेलेच नाही, त्यांना बोलावले. बासष्ट बायका एका सतरंजीवरच्या आहेत. आपल्या प्रमुखांनी या कागदांवरून काही नाही म्हणू नये. पत्र वाचून पाहिले. खोडण्यासारखे काही नव्हते. पाकीट बंद करताना त्यांना उतारवयातल्या बाईला वाटावी तशी साधी लाज वाटली, आणि ती वाटू दिली.

सकाळच्या पहिल्या गाडीने त्या उंद्रीला उतरल्या. शुक्रवार होता. वस्तीत पुष्पाबाईंच्या दाराला कडी होती. शेजारच्या म्हातारीने सांगितले, "वावरात गेल्या, नाल्यापल्याड. तुम्ही काऊन आल्या, बाई? त्या कागदाचं काही चुकलं का?" "हो," बाई म्हणाल्या, "माझंच चुकलं." वाटेत शाळा लागली. प्रार्थना चालली होती. एरवी बाई तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नसत. पायाखाली काळी ढेकळे होती, लुगड्याला कुत्रे चिकटत होते. त्या गवताच्या कुसळांना इकडे कुत्रेच म्हणतात. नाला कोरडा होता. पलीकडे पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत सहा-सात बायका वाकलेल्या होत्या. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली होती आणि झोळीला लावलेली दोरी पुष्पाबाईंच्या हातात होती. जाड, काथ्याची, विहिरीची. बाईंनी ती पाहिली. बाईंनी पाहिल्याचे पुष्पाबाईंनीही पाहिले.

"कोकिळेशी बोलायचं आहे," बाई म्हणाल्या. पुष्पाबाईंनी ओळीकडे हाक दिली. "कोकिळे! ये व, बाई आल्या." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, रविवारी जाते ती. धाडू का नोको, मले काही समजत नाही. कोनाले इचारू?" "तिला विचारलंत?" "तिले काय इचारनं? पोरगी म्हनते धाडा, तर धाडा. म्हनते नोका धाडू, तर नोका. दोन्हीबी म्हनते." कोकिळा आली. ओटीत कापूस भरलेला होता. झोळीच्या बाजूने न येता ती दुसऱ्या बाजूने फिरून आली आणि बाईंपासून हातभर अंतरावर, पाटीसमोर बसावी तशी, मांडी घालून बसली. "काय राह्यलं, बाई?" "एक प्रश्न राहिला." "काल तर झाले सारे." "काल तू मला एक विचारलंस, आणि मी उत्तर चुकीचं दिलं." कोकिळेच्या तोंडावर जरासे हसू आले. "तुम्ही चुकल्या? मंग वीस खेपा लिहा." पुष्पाबाई दटावणार होत्या. बाई म्हणाल्या, "लिहीन. आधी उत्तर सांग." त्यांनी पिशवीतून कालचा तक्ता काढला, मांडीवर ठेवला, पण त्यावर पाहिले नाही. कोकिळेकडे पाहून त्यांनी विचारले. सगळे आयुष्य जे बोलणे त्यांनी वर्गाबाहेर ठेवले होते त्या बोलण्यात विचारले, म्हणून ते त्यांच्या तोंडी जरा अडखळले.

"तुले, कोकिळा. लेकराले नाही. तुले रडू येते का?"

पुष्पाबाईंच्या हातातली दोरी थांबली. झोळी दोन-तीनदा आपोआप हलली आणि स्थिर झाली. कोकिळेने ओटीतले एक बोंड काढले. त्यातल्या सरक्या बोटांनी चाचपू लागली. एक, दोन, तीन. ओळीतल्या बायकांचे बोलणे येत होते, कोणी कोणाला तरी चिडवत होते. बाईंना घाई नव्हती. अडलेल्या मुलाला उत्तर कधी सुचवायचे नसते, नुसते उभे राहायचे असते, हे त्यांना येत होते. बहुधा तेवढेच त्यांना नीट येत होते.

"मले," कोकिळा म्हणाली.

ती वर्गात बसलेल्यासारखी ताठ बसून राहिली, आणि डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवरून ओटीतल्या कापसावर पडू लागले. ते तिने पुसले नाही. पुष्पाबाईंनी दोरी हातावर दोनदा गुंडाळली. बाईंनी पेन काढले आणि तक्त्याच्या शेऱ्यात लिहिले, मले. त्यांच्या हाताला 'ले' लिहायची सवय नव्हती. मात्रा देताना पेन थांबले. कोकिळेने ते उलट्या बाजूने वाचले आणि नाक ओढत म्हणाली, "बाई, मला असं लिहितात न?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तू म्हणालीस तसंच लिहितात."

रस्त्याच्या बाजूने भोंगा ऐकू आला. "तुमची एस.टी.," कोकिळा म्हणाली. परतीची गाडी ही, आणि यानंतरची दुपारी अडीचला.

"जाऊ दे," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, बाभळीच्या सावलीत सरकून बसल्या आणि तक्ता उलटून त्याची मागची कोरी बाजू वर घेतली. "झोप लागते का? तुले?"